धोक्याची घंटा आणि घंटेचा धोका

विमानांचा मोठा अपघात झाला की पुढच्या चार दिवसांत दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. 'हा मानवी चुकीचा परिणाम होता' हे पहिले आणि 'आता तरी हे काम संगणकावर सोपवा' हे दुसरे. शिक्षकांच्या खोलीत, विज्ञानमंडळाच्या व्याख्यानात आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतही हीच वाक्ये थोड्याफार फरकाने फिरत असतात. माणूस थकतो, विसरतो, गोंधळतो. यंत्र थकत नाही. तेव्हा माणसावर यंत्राचा पहारा बसवला की प्रश्न मिटला, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर इतका सरळ दिसतो की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही.

आम्हाला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. त्याचे पहिले कारण असे की तो वस्तुस्थितीला धरून नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या निर्णयांवर लक्ष ठेवणारी आणि धोका दिसताच इशारा देणारी यंत्रणा १९७० च्या दशकापासून वापरात आहे. तिने अनेक संकटे टाळली आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या अपघातांवर सविस्तर चौकशी अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांतील काही ठिकाणी पहारेकरी यंत्र हजर होते आणि तरीही अपघात झाला. असे का झाले, हा प्रश्न केवळ विमानांपुरता नाही. रुग्णालयातील यंत्रांची टिकटिक, कारखान्यातील भोंगे, धरणावरील सूचक दिवे या सर्वांना तो लागू पडतो. म्हणून या यंत्रणेची येथे थोडी चिकित्सा करू या.

यंत्र नेमके काय मोजते?

नियंत्रकाचे काम थोडक्यात सांगायचे तर विमानांमध्ये अंतर राखणे हे आहे. विमानतळापासून दूर, रडारच्या देखरेखीखालील मार्गांवर साधारणपणे दोन विमानांमध्ये आडवे ५ सागरी मैल तरी अंतर असावे लागते, किंवा ते नसेल तर उभे १००० फूट. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही मर्यादा एकाच वेळी मोडल्या जाणार असतील तर यंत्राने आधीच ओरडायचे, अशी अपेक्षा असते. या यंत्रणेला आपण 'संघर्ष-इशारा' म्हणू.

यंत्राची रीत आपल्या अकरावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल अशी आहे. रडारवरून प्रत्येक विमानाचे स्थान मिळते, लागोपाठच्या स्थानांवरून वेग व दिशा मिळते. ते विमान याच वेगाने, याच दिशेने जात राहील असे गृहीत धरून यंत्र पुढच्या सुमारे दोन मिनिटांचा मार्ग काढते आणि दोन मार्गांमधील कमीत कमी अंतर तपासते.

एक उदाहरण घेऊ. दोन विमाने एकाच उंचीवर आहेत. दोघांचाही वेग मिनिटाला ८ सागरी मैल. पहिले पूर्वेकडे चालले आहे आणि मार्ग जेथे छेदतात त्या बिंदूपासून १६ मैलांवर आहे. दुसरे उत्तरेकडे चालले आहे आणि त्याच बिंदूपासून २० मैलांवर आहे. पहिले विमान दोन मिनिटांनी छेदनबिंदूवर पोहोचेल, तेव्हा दुसरे ४ मैल मागे असेल. तेव्हा त्यांच्यातील कमीत कमी अंतर किती? विद्यार्थी बहुधा '४ मैल' असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. आणखी पाव मिनिटाने पहिले विमान बिंदूच्या २ मैल पुढे गेलेले असते आणि दुसरे २ मैल मागे असते. पायथागोरसच्या प्रमेयाने त्या क्षणीचे अंतर २.८ मैल येते, आणि तेच सर्वांत कमी आहे. म्हणजे सुमारे सव्वापाच किलोमीटर. सापेक्ष वेगाची कल्पना शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावे.

नजरेने अंदाज करणारा माणूस जेथे चुकू शकतो, तेथे हे यंत्र चुकत नाही. पन्नास विमाने पडद्यावर असतील तर त्यांच्या १२२५ जोड्या होतात. इतक्या जोड्यांवर दर काही सेकंदांनी नजर फिरवणे माणसाला अशक्य आहे. यंत्राला ते सहज जमते. यंत्राची ही बाजू मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

सरळ रेषेची अडचण

या सर्व गणिताच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते म्हणजे विमान आहे तसेच जात राहील हे. प्रत्यक्षात विमाने वळतात, चढतात, उतरतात आणि ठरलेल्या उंचीवर थांबतात. ते कोठे थांबणार हे वैमानिकाला व नियंत्रकाला ठाऊक असते, पण रडारच्या नोंदीत ते लिहिलेले नसते.

समजा एक विमान मिनिटाला २००० फूट या गतीने उतरत आहे, आणि त्याला १५००० फुटांवर थांबण्याची सूचना आहे. समोरून दुसरे विमान १४००० फुटांवरून येत आहे. पहिले विमान १६००० फुटांवर असताना यंत्राच्या हिशेबाने ते एका मिनिटात १४००० फुटांवर असेल. यंत्र घंटा वाजवते. अर्ध्या मिनिटाने विमान शिस्तीत १५००० फुटांवर स्थिरावते आणि घंटा बंद होते. नियंत्रकाच्या दृष्टीने ती घंटा निष्कारण वाजली. असे दिवसातून अनेकदा होऊ लागले तर कोणीही वैतागेल.

यावर उपाय सोपा दिसतो. नियंत्रकाने दिलेली उंची यंत्राला सांगून ठेवावी, म्हणजे विमान १५००० वर थांबणार असे धरून यंत्र गप्प राहील. हा उपाय करता येतो आणि त्याने निष्कारण घंटा खरोखरच कमी होतात. पण त्याची किंमत काय, हे समजून घ्यायचे तर १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवावी लागेल.

त्या दिवशी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान १४००० फुटांवर होते. समोरून, दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन-७६ विमानाला १५००० फुटांपर्यंतच उतरण्याची सूचना होती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच मार्गिका होती. समोरून जम्बो विमान येत आहे हे नियंत्रकाने कझाक वैमानिकांना सांगितलेही होते. परंतु ते विमान १५००० फुटांवर थांबले नाही, आणखी खाली आले. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून ३४९ माणसे मृत्यू पावली. विमानाची उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा वापरात नव्हते. उंचीबाबत नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच अवलंबून राहावे लागे.

आता आपले यंत्र तेथे असते अशी कल्पना करू. केवळ सरळ रेषा पाहणारे यंत्र असते तर घंटा वाजली असती. पण तशीच घंटा शिस्तीत थांबणाऱ्या शेकडो विमानांसाठीही रोज वाजत राहिली असती. दिलेली सूचना पाळली जाईल असे धरणारे यंत्र असते तर ते गप्प राहिले असते, कारण कागदावर सर्व काही ठीक होते! विमान १५००० च्या खाली घसरल्यावरच त्याला जाग आली असती. वरच्या उदाहरणातील गतीने पाहिले तर त्यानंतर हाती उरतो तो अर्धा मिनिट. तेवढ्यात नियंत्रकाने घंटा ऐकायची, समजून घ्यायची, बोलायचे, वैमानिकाने ऐकायचे आणि शेकडो टनांचे विमान वळवायचे.

म्हणजे खरी घंटा आणि खोटी घंटा यांत शेवटच्या काही क्षणांपर्यंत फरकच नसतो. फरक वैमानिकाच्या मनात असतो, आणि तो यंत्राला दिसत नाही. आता काही प्रदेशांत वैमानिकाने आपल्या यंत्रावर कोणती उंची लावली आहे हेही रडारमार्फत जमिनीवर कळू शकते. नियंत्रकाने १५००० सांगितले आणि वैमानिकाने १४००० लावले तर विसंगती लगेच दिसते. आमच्या मते ही सुधारणा घंटा अधिक जोरात वाजवण्यापेक्षा फार मोलाची आहे, कारण ती नवी माहिती मिळवते. त्याच माहितीवर अधिक हुशारीने गणित करून हे साधले नसते.

'लांडगा आला रे आला'

ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. तिच्यात संभाव्यतेचा एक धडाही आहे आणि तो सहसा शिकवला जात नाही. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, यंत्राने तपासलेल्या १०००० जोड्यांपैकी फक्त १ जोडी खरोखर धोक्यात असते. यंत्र उत्तम आहे: खरा धोका १०० पैकी ९९ वेळा पकडते आणि धोका नसताना १०० पैकी फक्त एकदा उगाच वाजते. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण हिशेब करा. ९९९९ निर्धोक जोड्यांवर यंत्र सुमारे १०० वेळा वाजेल, आणि एका खऱ्या धोक्यासाठी एकदा. म्हणजे १०१ घंटांतील एकच खरी. जो नियंत्रक प्रत्येक घंटेला 'बहुधा काही नसेल' असे म्हणतो, तो १०० वेळा बरोबर ठरतो. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आपण हे गणित ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीचा चोर-भोंगा वाजतो तेव्हा आपण तरी खिडकीपाशी धावतो का?

प्रत्यक्षातील उदाहरण पाहू. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेतील मायामीजवळ ईस्टर्न कंपनीच्या विमानाचे कर्मचारी पुढच्या चाकाचा दिवा का लागत नाही हे शोधण्यात गुंतले होते. विमान २००० फुटांवर राहायला हवे होते, पण ते नकळत खाली येत होते. नियंत्रकाच्या पडद्यावर ९०० हा आकडा दिसला. त्याने वैमानिकांना 'कसे काय चालले आहे?' अशा अर्थाचा प्रश्न विचारला. उंचीविषयी विचारले नाही. पडद्यावरील उंचीचा आकडा अधूनमधून क्षणभर चुकतो हा त्याचा नेहमीचा अनुभव होता. वैमानिकांचे उत्तर सामान्य होते. थोड्याच वेळात विमान दलदलीत कोसळले आणि शंभरावर माणसे दगावली. यंत्राने खरा आकडा दाखवला होता. पण पूर्वी अनेकदा चुकीचे आकडे दाखवून त्याने आपली पत घालवलेली होती.

या व अशा अपघातांनंतर अमेरिकेत 'किमान सुरक्षित उंची' तपासणारी यंत्रणा बसवली गेली. विमान जमिनीच्या किंवा डोंगराच्या फार जवळ जाऊ लागले की नियंत्रकाला इशारा मिळतो. धडा शिकला गेला, असे कोणालाही वाटेल. पुढे काय झाले?

६ ऑगस्ट १९९७ रोजी प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर कोरियन एअरचे बोइंग ७४७ विमान रात्री, पावसात उतरत असताना विमानतळाच्या अलीकडील टेकडीवर आदळले. विमानात २५४ माणसे होती. त्यांतील सव्वादोनशेहून अधिक मरण पावली. अपघाताचे मुख्य कारण वैमानिकांनी उतरण्याची पद्धत नीट पाळली नाही हे होते. पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. ग्वाममध्ये किमान उंचीचा इशारा देणारी यंत्रणा होती. ती निष्कारण फार वाजते म्हणून तिच्या आज्ञावलीत बदल करून ५४ सागरी मैलांच्या वर्तुळात ती मुद्दाम बंद ठेवली होती. यंत्रणेचा आवाका होता ५५ मैलांचा. म्हणजे कडेला फक्त १ मैल रुंदीचे कडे चालू राहिले. वर्तुळांच्या क्षेत्रफळाचे गणित केले तर एकूण क्षेत्राच्या ९६ टक्क्यांहून अधिक भागात घंटा मुकी होती, आणि त्यात विमानतळही आला. यंत्रणा चालू असती तर आदळण्यापूर्वी ६४ सेकंद आधी इशारा मिळाला असता, असा अमेरिकी चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. ही यंत्रणा बंद ठेवणे आणि तिची नीट व्यवस्था न पाहणे, याचा उल्लेख त्या मंडळाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत केला.

घंटा बंद करणारा मनुष्य दुष्ट किंवा मूर्ख होता असे आम्हाला वाटत नाही. खोट्या घंटांनी जीव मेटाकुटीला आलेल्या माणसांनी केलेला तो 'उपाय' होता. दोष एवढाच की घंटा खोटी का वाजते याचा शोध घेण्याऐवजी तिची जीभ काढण्यात आली, आणि जीभ काढल्याचे जाणवेल अशी कोणतीही सोय ठेवली नाही.

गप्प घंटेचे दोन अर्थ

यातून आमचा दुसरा मुद्दा निघतो. घंटा वाजत नाही याचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा होतो, तसाच 'घंटा बंद आहे' असाही होतो. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. पहारेकऱ्याची गस्तीची शिट्टी रात्रभर ऐकू येते, म्हणून ती थांबली की आपल्याला कळते. पण केवळ चोर दिसल्यावरच शिट्टी वाजवणारा पहारेकरी झोपला आहे की जागा, हे सकाळपर्यंत कळायचे नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावावर हेच घडले. रशियाचे तुपोलेव्ह-१५४ आणि मालवाहू बोइंग ७५७ ही विमाने ३६००० फुटांच्या पातळीवर एकमेकांचा मार्ग छेदणार होती. तेथील आकाश स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या नियंत्रण केंद्राच्या ताब्यात होते. त्या रात्री केंद्रात दुरुस्तीचे काम चालू होते. रडार यंत्रणा पर्यायी स्थितीत चालवली जात होती आणि त्या स्थितीत पडद्यावर उमटणारा संघर्ष-इशारा मिळत नसे. या कामाचे नेमके परिणाम काय होतील हे नियंत्रकाला तपशीलवार सांगितलेले नव्हते. दूरध्वनीच्या मुख्य तारा बंद होत्या आणि पर्यायी तारेत बिघाड होता. दुसरा नियंत्रक विश्रांतीला गेला होता, हा तेथला रूढ पायंडा होता. राहिलेला एकटा नियंत्रक दोन पडद्यांसमोर काम करत होता आणि उशिरा आलेल्या तिसऱ्याच एका विमानाला उतरवण्यात गुंतला होता.

शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातील यंत्राने मात्र सुमारे दोन मिनिटे आधी इशारा दिला. तेथील नियंत्रकाने झुरिचला अकरा वेळा दूरध्वनी जोडण्याचा प्रयत्न केला. तो लागला नाही. झुरिचमधील आवाजी इशारा टक्कर होण्यापूर्वी ३२ सेकंद वाजल्याची नोंद आहे; तो कोणी ऐकला नाही. ७१ माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य मुले होती.

येथे यंत्र 'नव्हते' असे म्हणता येत नाही आणि 'होते' असेही म्हणता येत नाही. आम्हाला सर्वांत गंभीर वाटते ते हे की बंद असताना 'मी बंद आहे' असे ते सांगत नव्हते.

दोन पहारेकरी, दोन आज्ञा

युबरलिंगेनचा आणखी एक धडा आहे. मोठ्या विमानांतही टक्कर टाळणारे स्वतंत्र यंत्र असते. त्याला टीकॅस म्हणतात. दोन्ही विमानांतील ही यंत्रे परस्परांशी संपर्क साधून एकाला 'चढा' आणि दुसऱ्याला 'उतरा' असे सांगतात. जमिनीवरील यंत्रणेचे हे कामच नव्हे. ती फक्त नियंत्रकाला सावध करते.

त्या रात्री टक्कर होण्यापूर्वी ४३ सेकंद नियंत्रकाने रशियन विमानाला 'उतरा' असे सांगितले. सात सेकंदांनी टीकॅसने त्याच विमानाला 'चढा' आणि बोइंगला 'उतरा' असे सांगितले. रशियन वैमानिकांनी माणसाचे ऐकले, बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे. दोघेही उतरत गेले. लक्षात घ्या, नियंत्रकाची आज्ञा एकटी पाळली गेली असती तरी टक्कर टळू शकली असती, आणि टीकॅसची एकटी पाळली गेली असती तरीही. दोन बरोबर उत्तरांची सरमिसळ होऊन चूक झाली. टीकॅसने काय सांगितले हे नियंत्रकाला त्याच्या पडद्यावर दिसत नव्हते.

असे होऊ शकते याची सूचना आधी मिळाली होती. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात जपान एअरलाइन्सचीच दोन विमाने समोरासमोर आली. संघर्ष-इशारा मिळाल्यावर शिकाऊ नियंत्रकाने घाईत एकाऐवजी दुसऱ्याच विमानाचा क्रमांक उच्चारून 'उतरा' असे सांगितले. त्याच विमानाला टीकॅस 'चढा' म्हणत होते. दोन्ही विमाने उतरू लागली. शेवटच्या क्षणी वैमानिकांनी नजरेने पाहून विमाने चुकवली आणि दोन्हींतील ६७७ माणसे वाचली; हिसक्याने अनेक जखमी झाले. येथे घंटा वेळेवर वाजली होती, ऐकलीही गेली होती. घंटेने निर्माण केलेल्या घाईतच चूक झाली, हेही नोंदवले पाहिजे.

युबरलिंगेननंतर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट करण्यात आले: टीकॅसची आज्ञा मिळाली तर नियंत्रकाचे म्हणणे बाजूला ठेवून तीच पाळायची, आणि वैमानिकाने तसे कळवल्यावर नियंत्रकाने त्या विमानाला उभ्या हालचालीची सूचना द्यायची नाही. सतरा महिन्यांपूर्वी जपानमध्ये काही न गमावता जे शिकता आले असते, ते ७१ जीव गेल्यावर नियमांत आले.

दोन पहारेकरी असले म्हणजे सुरक्षा दुप्पट होते हा समज येथे तपासावा लागतो. दोघे परस्परविरोधी बोलले तर काय, हा एक प्रश्न. दोघे एकच चूक करत असतील तर काय, हा दुसरा. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये त्याचे उदाहरण मिळाले. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गपत्रकात एकच सांकेतिक नाव असलेली दोन ठिकाणे होती: एक फ्रान्समध्ये, एक अमेरिकेत. आज्ञावलीला त्याचा उलगडा झाला नाही, आणि चुकीची माहिती नियंत्रकापुढे ठेवण्यापेक्षा बंद पडणे बरे, असे ठरवून ती थांबली. हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच म्हणावा लागेल. मग राखीव यंत्रणा पुढे आली. तिच्यात तीच आज्ञावली होती, तिला तेच पत्रक मिळाले, आणि तीही काही सेकंदांत त्याच जागी अडकली. मार्गपत्रके हाताने भरावी लागली आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला.

शिक्षकांना हे नवे नाही. परीक्षेच्या गुणांची बेरीज एकाच शिक्षकाने दोनदा केली तर तीच चूक दोनदा होण्याचा संभव असतो. दुसऱ्या शिक्षकाने केली तर तो कमी होतो. पण दुसऱ्याने मूळ उत्तरपत्रिका न पाहता पहिल्याच्याच तक्त्यावरून बेरीज केली, तर तक्त्यात उतरवतानाची चूक तशीच राहते. तपासणी किती वेळा झाली यापेक्षा ती किती स्वतंत्र होती हे महत्त्वाचे.

मग यंत्रे नकोत का?

असा निष्कर्ष कोणी काढू नये. संघर्ष-इशारा आणि टीकॅस नसते तर आजच्या गर्दीच्या आकाशात विमाने चालवणे कितीतरी अधिक धोक्याचे झाले असते. चरखी दादरीनंतर भारतात टीकॅस सक्तीचे केले गेले, ते योग्यच झाले. आमची टीका यंत्रांवर नाही. यंत्र बसवले की काम संपले, या समजुतीवर ती आहे.

चांगल्या दिशेचे प्रयत्नही झाले आहेत. शेवटच्या दोन मिनिटांत ओरडण्याऐवजी बराच आधी विचार करायला मदत करणारी साधने आली. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये वापरात आलेली अशी एक प्रणाली १८ मिनिटे पुढचे पाहते. एखादी सूचना देण्यापूर्वी ती दिल्यास पुढे काय होईल हे नियंत्रक तिच्यावर तपासून पाहू शकतो. ही प्रणाली घंटेपेक्षा सहकाऱ्यासारखी वागते. १८ मिनिटांपुढचे भाकीत वाऱ्यामुळे, वेगातील फरकामुळे ढोबळ असते हे खरे. पण तेव्हा घाई नसते, आणि घाई नसताना माणूस यंत्राच्या ढोबळपणाची भरपाई करू शकतो. मात्र येथेही सावध राहायला हवे. रोज यंत्राने आखून दिलेल्या वाटेने चालणाऱ्याची स्वतःची नजर हळूहळू बोथट होते, आणि ज्या दिवशी यंत्र बंद पडते त्याच दिवशी त्या नजरेची गरज लागते.

म्हणून अशा कोणत्याही यंत्रणेबद्दल वाचताना किंवा शिकवताना आम्ही तीन प्रश्न सुचवतो. शंभर घंटांपैकी किती खऱ्या असतात, आणि हे कोणी मोजते का? यंत्र बंद असेल तर ते कोणाला, कसे कळते? आणि दोन तपासण्या असतील तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, व त्यांचे मतभेद झाल्यास कोणाचे ऐकायचे हे आधी ठरले आहे का? ग्वाममध्ये पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी मागितली नाहीत. युबरलिंगेनमध्ये शेवटच्या दोन्हींची.

'मानवी चूक' या शब्दाविषयीही एक सांगायला हवे. झुरिचच्या त्या एकट्या नियंत्रकावर सर्व दोष ढकलणे सोपे होते. फेब्रुवारी २००४ मध्ये अपघातात कुटुंब गमावलेल्या एका शोकाकुल बापाने त्याची हत्या केली. पुढे २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या संस्थेतील चौघांना दोषी ठरवले, त्यांतील तिघे व्यवस्थापक होते. एका माणसावर दोन पडद्यांचे काम सोपवणे, दुरुस्तीचे परिणाम न कळवणे, दूरध्वनीची पर्यायी तार न तपासणे, याही मानवी चुकाच होत्या. त्या करणारी माणसे त्या रात्री पडद्यासमोर बसलेली नव्हती, एवढाच फरक.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर मोठ्या साधनांची गरज नाही. आलेखाच्या कागदावर दोन विमानांचे मार्ग काढून दर पाव मिनिटाचे अंतर मोजायला सांगावे. मग एका विद्यार्थ्याला यंत्र करून ५ मैलांची मर्यादा ८ मैल, १० मैल अशी वाढवत न्यावी आणि वेगवेगळ्या मार्गांच्या वीस जोड्यांवर किती 'घंटा' खऱ्या व किती खोट्या वाजतात याची नोंद ठेवावी. मर्यादा वाढली की खोट्या घंटा वाढतात आणि कमी केली की एखादी खरी निसटते, हे मुलांना स्वतःच्या हाताने काढलेल्या रेषांवर दिसेल. ती मर्यादा किती ठेवायची हे गणित सांगत नाही. ते माणसांनी एकत्र बसून, दोन्ही बाजूंची किंमत समजून ठरवायचे असते. ठरवल्यावर कोणत्या विद्यार्थ्याने काय कारण दिले, तेही वहीत लिहून घ्यावे.